मधल्या थाळीचा मान

"शेपू!"

आमचे हे खुर्चीतून एवढ्या जोरात उठले की मांडीवरचा ग्रीक कोश पत्र्याच्या ट्रंकेवर आदळला, आणि ट्रंकेवर झोपलेली मांजर जी पळाली ती दुसऱ्या दिवशीच घरात आली.

मी सुपात तांदूळ निवडत होते. म्हटलं, "आज मेथी आहे. शेपू तुम्हाला चालत नाही म्हणून मी दारातसुद्धा घेत नाही."

"भाजीचं नाही गं म्हणत. शास्त्राचं म्हणतोय. मत्तय, तेवीस, तेवीस. पुदिना, बडीशेप आणि जिरे! अगं सुवार्ता, मूळ ग्रीकमध्ये शब्द आहे आनेथॉन. आणि आनेथॉन म्हणजे बडीशेप नव्हेच. शेपू! थोरल्या साहेबांच्या इंग्रजी शास्त्रात ॲनिस छापलेलं होतं. त्यांनी ती बडीशेप धरली, आणि तेव्हापासून हे अख्खं गाव चुकतंय."

"बरं मग?" मी एक खडा उचलून बाजूला टाकला.

"मग काय? रविवारी कापणीचा सण. सगळी मंडळी समोर असणार. खरं काय ते मी सांगणार."

मी तेव्हा बावीस वर्षांची होते, हे सव्वीसचे. सेमिनरीतून बाहेर पडून वर्ष झालं नव्हतं. ग्रीकमध्ये हे वर्गात पहिले आले होते. पण सोनकवड्याच्या ख्रिस्ती मंडळीत येऊन चार महिने झाले तरी त्या ग्रीकचं करायचं काय, हे त्यांना उमगलं नव्हतं. मुळा नदीच्या काठचं गाव. लोक ज्वारीत, कांद्यात, उसात गढलेले. पाळकाकडं कुणी आलंच तर पत्र लिहून घ्यायला, नाहीतर अडलेल्या म्हशीसाठी प्रार्थना करायला. त्या मंगळवारी दुपारी त्यांच्या विद्येला पहिल्यांदा काम मिळालं होतं. तोंड असं उजळलं होतं, जसं दिवाळीत नवा सदरा मिळालेल्या पोराचं. मला त्यांना थांबवावंसं वाटलं नाही.

आणि पुढं जे झालं त्याला कारण मीच. संध्याकाळी आडावर पाणी भरताना मी बायकांना हसत हसत सांगितलं, "आमचे हे म्हणतात, येशूनं बडीशेप म्हटलंच नव्हतं. शेपू म्हटलं होतं, शेपू!"

मला वाटलं, बायका हसतील. एकीच्याही ओठाची घडी मोडली नाही. आडात सोडलेली एक कळशी मधेच लोंबकळत राहिली.

"म्हंजे मधल्या थाळीत शेपू?" कुणीतरी विचारलं.

"कसली थाळी?" मी म्हटलं.

मग मला कळलं. कापणीच्या सणाला सोनकवड्यात तीन पितळी थाळ्या देवळात मिरवत जातात. आधी पुदिना, मध्ये बडीशेप, शेवटी जिरं. थोरले साहेब म्हणजे इथले जुने गोरे मिशनरी, त्यांनी घालून दिलेली रीत. साहेब गेले, त्यांची मडमही गेली, पण रीत राहिली, आणि रीतीला हळूहळू मान चिकटला. लोक ख्रिस्ती झाले तरी मानपान काही बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नव्हता. पुदिन्याची थाळी गोर्ड्यांची. जिऱ्याची थाळी मिशनशाळेच्या देवदत्त गुरुजींची. आणि मधली, सगळ्यांत मोठी, बडीशेपेची थाळी सालोमीबाई ओहोळची. जिच्या हातात मधली थाळी तिनंच उभं राहून ते वचन म्हणायचं. पंच तिचं नाव पुकारतात, मंडळी उठून उभी राहते, आणि वचन संपेपर्यंत कुणी खाली बसत नाही.

सालोमीबाईला गाव सालूमावशी म्हणे. साठीच्या आसपासची, विधवा, पोरंबाळं नाहीत. देवळामागच्या एका खोलीत राहायची, देऊळ झाडायची, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. आडाचं सांडलेलं पाणी ज्या पाटानं वाहून जाई, त्या पाटाच्या कडेला तिनं आठ हात लांबीचा वाफा केला होता. त्यात बडीशेप. तीनशे चौसष्ट दिवस तिला "ए सालू, हे उचल", "ए सालू, ते ठेव" म्हणणारं गाव एक दिवस तिचं पूर्ण नाव घेत असे.

हे सगळं मला आडावरच्या बायका सांगत होत्या तेव्हा माझी घागर भरून सांडत होती. मी काय करून बसले हे मला कळायला लागलं होतं.

बुधवारी सकाळी दार उघडलं तर पायरीवर मार्थाबाई पारखे. हातात ताज्या शेपूच्या दोन जुड्या, दव अजून गळत होतं.

"घ्या पाळकीणबाई. कवळी हाय. आमच्याच रानातली."

मार्थाबाईचे मालक यहोयादाअण्णा हे मंडळीचे मुख्य पंच. कालव्याच्या पाण्यावर त्यांचा दोन एकर भाजीपाला होता आणि शेपू तर नगरच्या बाजारात गाडीनं जायची. घरात सगळं होतं. थाळी तेवढी नव्हती. वीस वर्षं मार्थाबाई पहिल्या ओळीत उभी राहून सालूमावशीच्या पाठीकडं बघत आली होती.

"अगं बाई, कशाला?" मी म्हटलं. "ह्यांना शेपू..."

"लई आवडते ना? म्हनलंच मी! ग्रीक शिकलेल्या मानसाला आवडनारच." जुड्या माझ्या हातात कोंबून ती गेली.

त्या दिवशी मी मुगाची डाळ घालून शेपू केली. ह्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, गिळला, आणि म्हणाले, "सत्याची चव."

गुरुवारी तीन जुड्या आल्या. सत्य आदल्या दिवसापेक्षा कडू लागलं म्हणाले. शुक्रवारी मार्थाबाईनं आख्खी पाटी पाठवली तेव्हा हे नुसत्या ताकावर उठले.

त्याच दुपारी आमच्या अंगणातल्या लिंबाखाली पंच जमले. मी चहा देत होते, त्यामुळं सगळं कानावर पडलं.

यहोयादाअण्णांनी फेटा मांडीवर काढून ठेवला. "साहेब, एवढंच सांगा. येशू शेपू खात होता का?"

"तसं कुठं लिहिलेलं नाही, अण्णा. पण त्याच्या देशात ती पिकत होती. लोक तिचा दशांश देत होते."

"पिकत होती ना? झालं तर मग!"

देवदत्त गुरुजी खाकरले. "पण अण्णा, वासाचा विचार करा. बडीशेप कशी मंगल. आणि शेपूचे ढेकर येतात. रविवारी आशीर्वाद द्यायच्या वेळेला मंडळी आमेनच्या जागी ढेकर देईल."

"खायची न्हाई गुरुजी, धरायची हाय."

"तरी पण..."

"आणि तुमचं जिरं तरी कोण्या रानातलं?" अण्णांचा आवाज चढला. "राहुरीच्या बाजारातली पुडी सोडून तुम्ही थाळीत वतता, अन् चालता असं जसं खांद्यावर नांगूर धरून पेरलंय. आमी कधी बोललो?"

गुरुजींनी चहाच्या कपात डोकं घातलं.

"मी म्हणतो, पुदिन्याचाही ग्रीकमध्ये एकदा तपास..." ह्यांनी उत्साहानं सुरुवात केली.

"नको, नको!" गोर्डेदादा घाईनं म्हणाले. त्यांचा पुदिना न्हाणीच्या सांडपाण्यावर वाढतो हे गावाला ठाऊक होतं. "पुदिना तो पुदिनाच. त्याच्यात शंका न्हाई."

ठरलं ते असं: रविवारी पाळकांनी पुलपिटावरून, प्रवचनाच्या ओट्यावरून, मूळ शब्दाचा अर्थ सांगायचा, आणि तो अर्थ ज्याच्या रानात उगवतो, थाळी त्याची. सालूमावशीला विचारावं, असं एकाच्याही मनात आलं नाही. मीसुद्धा चहाच्या कपबशा उचलून आत गेले.

शनिवारी दुपारी ती स्वतःच आली. स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं, पुढच्या दारानं ती कधी येतच नसे. पदराखाली काहीतरी होतं. पायरीवर टेकली आणि पदर बाजूला केला. थाळी. चिंचेनं घासून अशी लख्ख केलेली की तिच्यात आमच्या छताची कौलं मोजून घ्यावीत.

"ही पारख्यांच्या घरी देऊ का, का देवळात ठेवू? म्हनलं बाईंना इचारावं."

मी म्हटलं, "मावशी, पाणी घ्या."

ती पाणी प्यायली. तांब्या पुन्हा स्वच्छ विसळून जागेवर ठेवला. मग म्हणाली, "काल पारख्यांच्याच रानात व्हते खुरपायला. थाळीची शेपू मीच उपटून दिली. मार्थाबाई घाईत व्हती, पिवळी पानंबी घेत व्हती. म्हनलं, असं नको. देवापुढं जायचीय. एकेक काडी निवडून दिली."

"तुम्ही दिलीत?"

"मग कोन देनार?" ती हसली. पुढचे दोन दात नव्हते, त्यामुळं तिचं हसू एखाद्या लहान मुलीचं वाटे. "बाई, बडीशेप अन् शेपू वाफ्यात शेजारी लावल्या ना, तर मीबी फसते. पान तेच, फुलाची छत्री तीच. चावल्याबिगर कळत न्हाई. साहेब बिचारे गोरे मानूस. फसले असतील."

ती उठेल असं वाटलं, पण ती उठली नाही. थाळीच्या कडेवरून बोट फिरवत राहिली आणि त्या बोटाबरोबर तिच्या तोंडातून ओवी आली. जात्यावर म्हणतात तशी, स्वतःसाठी.

"पाटाच्या कडंला गं, बडीशेपंचं माझं बन
येशूच्या मांडवात, मला वरसाचा गं मान."

"चांगली आहे," मी म्हटलं.

"सासूची हाय. थाळीबी सासूचीच. ती गेली तवा मी इसात व्हते. चाळीस वरसं झाली." मग एकदम माझ्याकडं बघून तिनं विचारलं, "बाई, एक इचारू? चुकीचं असंल तर चाळीस वरसं देवानं घेतलं कसं? त्याला तर ग्रीक येत असंल ना?"

मी पाळकाची बायको. थाळी देवळात ठेवा, एवढंच मी तिला सांगितलं.

ती गेल्यावर मी थेट ह्यांच्या खोलीत गेले. हे प्रवचन लिहीत होते. टेबलावर आनेथॉनचे सहा कागद पसरले होते.

"उद्या हे सांगू नका," मी म्हटलं.

"काय?"

"शेपूचं. नका सांगू. पुढच्या वर्षी सांगा. सालूमावशी गेल्यावर सांगा."

"पंचांना शब्द दिलाय, सुवार्ता."

"मग म्हणा, कोश पुन्हा बघितला, बडीशेपच निघाली."

त्यांनी टाक खाली ठेवला. "तू मला पुलपिटावरून खोटं बोलायला सांगतेस? तेही एका भाजीसाठी?"

"भाजीसाठी नाही हो!"

"शब्द आहे तसा आहे. मी तो लिहिलेला नाही. मला तर ती भाजी गिळवतसुद्धा नाही, हे तुझ्याहून कुणाला जास्त ठाऊक?" मग आवाज उतरला. "आत्ता मागच्या दारी तीच आली होती ना?"

"हो."

"काय म्हणाली?"

"थाळी कुठं ठेवू, एवढंच विचारत होती."

लिहिलेल्यापैकी दोन कागद त्यांनी फाडले, मग पुन्हा जुळवून बघितले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. घरात अजून अर्धी पाटी शेपू होती हे एक कारण होतंच. पण ते एकच नव्हतं.

रविवारी देऊळ भरून गेलं. खांबांना ज्वारीची कणसं बांधलेली, वेदीपाशी भोपळे, कांद्याच्या माळा, उसाच्या मोळ्या, एक कोंबडी सुतळीनं बांधलेली. ती मधूनमधून प्रार्थनेत भाग घेत होती. मी पायपेटी वाजवायला बसले होते, तिथून सगळी मंडळी दिसायची. पहिल्या ओळीत मार्थाबाई: मोरपंखी इरकल, नाकात नथ, मांडीवर शेपूनं भरलेली तीच लख्ख थाळी आणि थाळीवर शास्त्र. आणि अगदी मागं, दाराशी, चपलांच्या शेजारी जमिनीवर सालूमावशी. हातात काही नव्हतं, म्हणून हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं.

ह्यांनी सांगितलं. खोटं एक अक्षर बोलले नाहीत. आनेथॉन, ॲनिस, थोरल्या साहेबांची समजूत, सगळं. मला वाटतं ग्रीक शब्द इतक्या पडेल आवाजात आजवर कुणी उच्चारला नसेल. शेवटी म्हणाले, "तर मूळ अर्थ शेपू असा आहे," आणि खाली बसले. कोंबडी ओरडली.

यहोयादाअण्णा उठले. "मधली थाळी!" त्यांनी पुकारा केला. "मार्थाबाई यहोयादा पारखे!"

मंडळी उठून उभी राहिली; मागं सालूमावशीला तेवढं उठायचं भान राहिलं नाही. मार्थाबाई पुढं आली. वळून तोंड मंडळीकडं केलं. वीस वर्षं वाट बघितलेली जागा. तिचे कान लाल झाले होते. थाळी डाव्या कमरेवर घेतली, उजव्या हातात शास्त्र धरलं. सालूमावशी वचन तोंडपाठ, ओवीत म्हणायची, एका दमात, कढीला फोडणी बसावी तशी चुर्र करून संपायचं. मार्थाबाईनं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, "मी शास्त्रातनं शुद्ध वाचनार." ती प्रौढ वर्गात दोन वर्षांपूर्वी वाचायला शिकली होती. एकेक अक्षर बोटानं दाबून, ते हलत नाही याची खात्री करूनच पुढच्याकडं जायची.

"अ...हो... शास्...त्र्यां...नो," तिनं सुरुवात केली. "अहो... ढों... ढोंग्... ढोंग्यांनो."

ती थांबली. मंडळीकडं बघितलं. मंडळी तिच्याकडं बघत होती.

"साहेब," ती ह्यांच्याकडं वळून हळूच म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "हे ग्रीकमधी बी असंच हाय का?"

"ग्रीकमध्ये जास्त कडक आहे, बाई," हे म्हणाले.

कुणीतरी फसकन हसलं. मार्थाबाईनं घाम पुसला, बोट पुन्हा अक्षरावर ठेवलं. "तुम्हां...ला... धिक्कार... असो. कारण तुम्ही पु...दिना," इथं तिला पुढचा शब्द अडला, बडीशेप म्हणावं की शेपू, मग तिनं थाळीकडंच बोट केलं, "ही... आणि जिरे... यांचा दशांश देता. पण... निय...म...शास्त्रातल्या... मोठ्या... गोष्टी... म्हणजे..."

मला ते वचन लहानपणापासून पाठ होतं. ह्यांना तर दोन भाषांत. आठवडाभर आम्ही त्यातला एक शब्द धुऊन, निवडून, शिजवून खाल्ला होता. पुढं काय आहे तिकडं मी बघितलंच नव्हतं. आता ते मार्थाबाईच्या बोटाखालून एकेक पाऊल टाकत येत होतं.

"...म्हणजे... न्याय... द...या... आणि विश्वास... ह्या... तुम्ही... सोडून... दिल्या... आहेत."

शेवटचं अक्षर संपलं तरी तिचं बोट तिथंच होतं. मार्थाबाईनं मान वर केली, आणि तिचे डोळे पहिल्या ओळीवरून, मधल्या वाटेनं, थेट दारापाशी चपलांजवळ गेले.

"पुढं वाच की," यहोयादाअण्णा कुजबुजले.

"न्हाई वाचवत," मार्थाबाई म्हणाली.

तेव्हा मागून, जमिनीवरून, आवाज आला. "थांबू नगं मार्थाबाई. संपलं न्हाई अजून. पुढं हाय." आणि सालूमावशीनं बसल्या जागेवरूनच तिला पुढचं सांगितलं, तिच्या चालीत:

"हेबी करायाचं व्हतं, तेबी सोडायाचं न्हाई
येशू माझा सांगतो, आयका दादा गं बाई."

"तेबी सोडायाचं न्हाई, असं हाय. थाळी सोडू नगं," ती म्हणाली. "नीट धर. कलतीय."

सगळी मंडळी मागं वळली होती. यहोयादाअण्णांना घाम फुटला होता. "सालूबाई," ते म्हणाले, "तुला हे समदं पाठ हाय? ते आधीचं बी? ढोंग्यांनो अन् सगळं?"

"म्हंजे काय? चाळीस वरसं दुसरं काय म्हनत व्हते मी?"

"आमी तर कधी ऐकलं न्हाई."

"तुमी ऐकत व्हता कुठं अण्णा? तुमी थाळीकडं बघत व्हता."

"म्हंजे," मार्थाबाईचा आवाज चिरकला, "दर साली नवं लुगडं नेसून आमी हुबं राहायचो, अन् तू आमाला तोंडावर ढोंगी म्हनायचीस?"

"मी न्हाई बया," सालूमावशी कानाला हात लावून म्हणाली, "येशू."

आधी गोर्डेदादा हसले. मग गुरुजी. मग ते हसू ओळीओळीनं मागं जात राहिलं आणि भिंतीला आपटून परत आलं. मी पेटीवर डोकं टेकून हसत होते आणि पेटी आपोआप भूं करत होती. हे पुलपिटामागं खाली वाकले होते; प्रार्थना करताहेत असं वाटलं, पण खांदे हलत होते.

मार्थाबाई तेवढी हसली नाही. ती मधल्या वाटेनं चालायला लागली. थाळी कमरेवर तशीच. चालत चालत दारापाशी गेली आणि नव्या इरकलीसकट सालूमावशीसमोर उकिडवी बसली.

"चल."

"कुठं?"

"पुढं. मला एकटीला तिथं हुबं न्हाई राहवत. लई लांबवर दिसतं तिथनं."

"ही शेपूची थाळी. मी कशी नेऊ? साहेबांनी सांगितलं ना, शब्द शेपूचा हाय. माझ्या वाफ्यात शेपू न्हाई."

"तू नगं नेऊस. मीच धरते. तू म्हन." मग ती थोडी थांबून म्हणाली, "शेपू तर तूच उपटली, सालूबाई. अन् निवडलीबी तूच."

तिच्या तोंडून सालूमावशीला 'बाई' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. सालूमावशीनंही ऐकलं असावं. तिनं एक हात जमिनीवर टेकला, एक मार्थाबाईच्या खांद्यावर, आणि उठली.

दोघी पुढं आल्या. एकीच्या अंगावर मोरपंखी इरकल, दुसरीच्या अंगावर धुऊन धुऊन विटलेलं पांढरं. यहोयादाअण्णांनी पुकारायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. दोन नावांचा पुकारा कसा करतात ते त्यांना येत नव्हतं. मग हे पुलपिटावरून खाली उतरले, त्यांच्या शेजारी उभे राहिले आणि आपल्या खणखणीत आवाजात म्हणाले, "मधली थाळी! मार्थाबाई यहोयादा पारखे! सालोमीबाई शाहूराव ओहोळ!"

मंडळी उभीच होती. पण आता कुणी थाळीकडं बघत नव्हतं. मागचे लोक टाचा उंच करून, पोरांच्या तोंडावर हात ठेवून सालूमावशीच्या तोंडाकडं बघत होते. एवढी शांतता की कोंबडीनंसुद्धा मान तिरकी केली.

सालूमावशीनं पदर सारखा केला. मार्थाबाईच्या हातातल्या थाळीकडं एकदा बघितलं आणि सुरुवात केली, नेहमीसारखी भरभर नाही, सावकाश:

"पुदिना, शेपू, जिरं, दहावा वाटा काढला..."

शेपू म्हणाली ती. चाळीस वर्षांचा आपला शब्द तिनं काढून ठेवला आणि त्या जागी दुसरीच्या रानातला बसवला, तो ओवीत नीट बसला. कुणी तिला सांगितलं नव्हतं. हे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते. त्यांनी मान खाली घातली.

"न्याय..." ती म्हणाली.

आणि अडखळली.

चाळीस वर्षांत ती कधी अडखळली नव्हती. पण चाळीस वर्षांत तिच्याकडं कुणी असे कान लावले नव्हते. तिनं पुन्हा "न्याय" म्हटलं, ओठ हलवले, पुढचा शब्द येईना. एवढ्या माणसांना आपलं ऐकायचंय हे पाहून ती पार बावरून गेली होती.

"दया," शेजारून मार्थाबाईनं हळूच सांगितलं.